कॅडमध्ये गिअर फिरवायचे कसे: घड्याळाच्या दोन काट्यांचा सराव

दोन गिअर काढले, दातांत दात बसवले, एक माउसनं धरून फिरवला, तर दुसरा ढिम्म. वर पहिल्याचे दात दुसऱ्याच्या पोटातून भुतासारखे आरपार. कॅड, म्हणजे संगणकावर यंत्राचे भाग काढणं, शिकायला बसलेल्या जवळपास प्रत्येकाचा पहिला गिअर असाच असतो. माझाही तसाच होता, आणि मी दोन दिवस दातांचा आकार सुधारत बसलो होतो. चूक दातांत नव्हतीच.

लोखंडाचा दात लोखंडाच्या दाताला ढकलतो, कारण दोन वस्तू एका जागी मावत नाहीत. कॅडच्या असेंब्लीला, म्हणजे सगळे भाग एकत्र जोडायच्या फाईलीला, ही गोष्ट ठाऊक नसते. तिला फक्त नाती कळतात: हा भाग या अक्षाभोवती फिरेल, तो त्या अक्षाभोवती फिरेल, आणि हा तीनदा फिरला की तो एकदा फिरेल. शेवटचं नातं आपण सांगितलं नाही तर दात कितीही सुबक असोत, ती नुसती नक्षी. उलट नातं नीट सांगितलं असेल तर दात न काढता दोन गुळगुळीत चकत्या ठेवल्या तरी यंत्रणा बरोबर फिरते. खरं तर सुरुवातीला तसंच करून बघा. चकत्यांवर हिशेब जुळला की मग दात काढा. संगणकही कमी धापा टाकतो.

इथे मी फ्रीकॅड १.० धरून लिहितोय. ते फुकट आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून असेंब्लीचं वर्कबेंच (त्या कामाच्या हत्यारांचा संच) त्यात आतच मिळतं. त्याआधी ए-टू-प्लस, असेंब्ली-थ्री, असेंब्ली-फोर अशी वेगवेगळी ॲड-ऑन बसवावी लागायची. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंमधली बटणं तुमच्या पडद्यावर सापडत नसतील तर कारण हेच.

काय बनवायचं

सरावाला घड्याळातला मिनिटकाटा आणि तासकाटा घेऊ. मिनिटकाटा बारा फेऱ्या मारतो तेव्हा तासकाटा एक मारतो. म्हणजे गुणोत्तर बारास एक.

पहिला मोह होतो तो एकाच जोडीचा: छोटं चाक आणि त्याच्या बारापट दातांचं मोठं चाक. पण त्यात दोन अडचणी आहेत. दोन्ही काटे एकाच मध्यावर फिरायला हवेत, आणि शेजारी-शेजारी लावलेल्या दोन चाकांचे अक्ष वेगळे असतात. दुसरं म्हणजे बाहेरून भिडणारी दोन चाकं एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे तासकाटा उलटा चालेल. म्हणून घड्याळजी मधे एक चाक घालतात. गती मध्यावरून बाजूच्या अक्षावर जाते आणि तिथून परत मध्यावर येते. दोनदा उलटली की दिशा पुन्हा सुलटी.

बाराचे भाग पाडू: तीन गुणिले चार. मिनिटकाट्याच्या दांड्यावर ३० दातांचा पिनियन (जोडीतलं छोटं चाक), त्याला भिडलेलं मधलं ९० दातांचं चाक. त्या ९० च्या डोक्यावर, त्याच्याच अंगाला जोडलेला २४ दातांचा पिनियन, आणि त्याला भिडलेलं तासकाट्याचं ९६ दातांचं चाक. ९० भागिले ३० म्हणजे ३, ९६ भागिले २४ म्हणजे ४.

दातांचे आकडे मनाला येतील तसे चालत नाहीत. दोन्ही जोड्या त्याच दोन अक्षांवर बसायच्या आहेत, तेव्हा दोन्हींचं मध्यांतर, म्हणजे चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, सारखंच हवं. मॉड्यूल, म्हणजे दातांच्या आकाराचं माप, एकच असेल तर मध्यांतर म्हणजे दोन चाकांच्या दातांची बेरीज गुणिले मॉड्यूल, भागिले दोन. ३० अधिक ९० म्हणजे १२०, २४ अधिक ९६ म्हणजेही १२०. मॉड्यूल १ घेतला की दोन्हीकडे ६० मिमी. हा हिशेब कागदावर जुळल्याशिवाय माउसला हात लावू नका.

घड्याळाच्या पुस्तकांत हाच हिशेब १० आणि ३०, ८ आणि ३२ अशा लहान आकड्यांनी दिसेल. पारंपरिक घड्याळांचे दात सायक्लॉइड घराण्यातले असतात, त्यांना कमी दात चालतात. आपण इनव्हॉल्यूट दात वापरणार (दाताच्या कडेच्या वक्राचे हे दोन प्रकार), दाबकोन, म्हणजे दात दाताला ज्या कोनात ढकलतो तो, २० अंश. त्यात १७ पेक्षा कमी दात घेतले की मूळ कोरलं जाऊन दात कमकुवत होतो. म्हणून आकडे तिप्पट केले.

मोकळीक मोजा

हवेत सुटा सोडलेला कुठलाही भाग सहा प्रकारे हलू शकतो: तीन दिशांना सरकतो, तीन अक्षांभोवती फिरतो. वर्गात याला डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात, मी मोकळीक म्हणतो. प्रत्येक जॉइंट, म्हणजे दोन भागांमधलं नातं, यातली काही मोकळीक काढून घेतो. बिजागरीसारखा रिव्हॉल्यूट जॉइंट पाच काढतो आणि फक्त फिरणं ठेवतो. गिअर जॉइंट एकच काढतो, कारण तो दोन फिरण्यांना एकमेकांशी बांधतो.

आपल्याकडे पाया पक्का रोवलेला आहे आणि हलणारे भाग तीन आहेत: मिनिटाचा दांडा, मधली जोडी, तासाचं चाक. तीन सक अठरा. तीन रिव्हॉल्यूट जॉइंटनी पंधरा गेल्या, उरल्या तीन. दोन गिअर जॉइंटनी दोन गेल्या, उरली एक. ही एक म्हणजे तुमचं बोट: एक काटा फिरवला की बाकी सगळं आपोआप ठरतं. यंत्रणेत शेवटी जेवढ्या मोकळिका उरायला हव्यात तेवढ्याच उरल्या की काम झालं.

उरलेला आकडा जास्त आला तर कुठला तरी भाग लोंबकळतोय. कमी आला तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे. नवशिक्यांची ही दुसरी चूक मी फार बघितली आहे. दोन गिअर जॉइंट दिल्यावर "खात्रीसाठी" मिनिट आणि तास यांच्यात बारास एकचा तिसरा जॉइंट टाकतात. माहिती तीच, पण सॉल्व्हरला (ही नाती सोडवणाऱ्या आतल्या गणिताला) आता दोन मालक. दशांशात जरा फरक पडला तरी तो अडून बसतो.

भाग काढताना

नियम एकच: जे एकत्र फिरतं ते एका भागात. ९० दातांचं चाक आणि त्यावरचा २४ चा पिनियन एकाच बॉडीत (फ्रीकॅडमधला एक सलग घन भाग) काढा. मिनिटाचा दांडा, त्याचा ३० चा पिनियन आणि मिनिटकाटा एका बॉडीत. ९६ चं चाक, त्याची वरची नळी आणि तासकाटा तिसरीत. चौथा भाग पाया: १२० गुणिले ६० मिमीची ६ मिमी जाड पट्टी, तिच्यात ६० मिमी अंतरावर दोन भोकं.

पार्ट डिझाइनमध्ये इनव्हॉल्यूट गिअरचा आराखडा तयार मिळतो. दातांची संख्या, मॉड्यूल आणि दाबकोन भरा, मग तो आराखडा पॅड करा, म्हणजे त्याला जाडी द्या. प्रत्येक चाकाचं केंद्र मूळ बिंदूवर आणि अक्ष झेडवर ठेवा. नंतर हवा तो अक्ष शोधत बसावं लागत नाही.

चाकांची जाडी ६ मिमी धरू. ३० आणि ९० खालच्या मजल्यावर, पायावर टेकलेले. २४ चा पिनियन ९० च्या पाठीवरून वर निघतो, त्याची उंची ८ मिमी ठेवा. तासाचं चाक पायापासून ७ मिमी वर, म्हणजे खालच्या चाकांपासून १ मिमी सुटं. दांडा ८ मिमीचा असेल तर त्याच्यावर फिरणारं भोक ८.३ चं ठेवा.

असेंब्ली

नवीन फाईल उघडून असेंब्ली तयार करा आणि ती सेव्ह करा. भागांच्या फाईलीही आधी सेव्ह केलेल्या हव्यात, नाहीतर दुवा जोडता येत नाही. मग चारही भाग आत आणा. ते दुवा म्हणून येतात, त्यामुळे मूळ फाईलमध्ये चाक बदललं की इथेही बदलतं.

सर्वांत आधी पाया ग्राउंड करा, म्हणजे जागीच रोवा. हे विसरलात तर काटा ओढल्यावर अख्खं घड्याळ पडद्यावरून पोहत जाईल.

आता पहिला रिव्हॉल्यूट जॉइंट. पायाच्या पहिल्या भोकाची वरची गोल कड निवडा, मग मिनिटाच्या पिनियनची खालची गोल कड. भाग उडी मारून जागेवर येतो. उलटा बसला तर जॉइंटच्या खिडकीतच दिशा पालटायचं बटण आहे. लगेच माउसनं ओढून बघा. जागच्या जागी फिरायला हवा, सरकायला नको. मधली जोडी दुसऱ्या भोकावर अशीच बसवा. तासाचं चाक पुन्हा पहिल्या भोकावर, पण त्याच्या जॉइंटमध्ये ऑफसेट ७ मिमी द्या.

इथे एक गोष्ट विचित्र वाटेल. खऱ्या घड्याळात तासाचं चाक मिनिटाच्या दांड्यावरच बसलेलं असतं. मग जॉइंटही दांड्याशीच करावा असं वाटणं साहजिक आहे. करू नका. दांडा स्वतः फिरतो, आणि त्याला टांगलेल्या चाकाचं फिरणं त्याच्या तुलनेत मोजलं जाऊ लागलं की गुणोत्तराचा गोंधळ होतो. सगळी चाकं स्थिर पायालाच टांगा. कॅडमध्ये वस्तू कशावर टेकली आहे यापेक्षा तिचं फिरणं कशाच्या तुलनेत मोजायचं हे महत्त्वाचं.

प्रत्येक जॉइंटनंतर एकदा ओढून बघायची सवय लावा. पाच जॉइंट एकदम टाकून मग काय बिघडलं ते शोधणं म्हणजे पोह्यात पडलेला खडा शोधण्यासारखं आहे.

तिन्ही भाग स्वतंत्रपणे फिरताहेत? छान. आता गिअर जॉइंट. इथे रिव्हॉल्यूटला निवडलेल्याच कडा पुन्हा निवडायच्या, पण यावेळी दोन चाकांवरच्या: मिनिटाच्या पिनियनची कड आणि मधल्या चाकाची कड. खिडकीत दोन त्रिज्या विचारतात. पिच वर्तुळाच्या (दोन चाकं ज्यावर एकमेकांवरून लोळतात त्या काल्पनिक वर्तुळाच्या) त्रिज्या भरा, म्हणजे मॉड्यूल गुणिले दात भागिले दोन: १५ आणि ४५. बाहेरचा व्यास मोजून भरायचा नाही. तो मॉड्यूलच्या दुपटीनं मोठा असतो, ३० दातांना ३२ मिमी आणि ९० ला ९२. ते आकडे भरले तर गुणोत्तर तीनऐवजी २.८७५ येतं. काटा फिरताना दिसतो, म्हणून चूक कळत नाही, पण घड्याळ चुकत जातं.

मी तर त्रिज्येच्या जागी सरळ दातांची संख्या भरतो, ३० आणि ९०. फिरण्याच्या नात्याला फक्त गुणोत्तर लागतं, आणि दात नेहमी पूर्णांकात असतात. दुसरा जॉइंट मधली जोडी आणि तासाचं चाक यांच्यात: २४ आणि ९६. कुठला आकडा कुठल्या चाकाचा हे नीट बघा. क्रम उलटला की तासकाटा मिनिटकाट्याला मागे टाकतो. आणि हे लक्षात असू द्या की पुढे दातांची संख्या बदललीत तर जॉइंटमधला आकडा आपला आपण बदलत नाही.

दात दातांत घुसले तर

यंत्रणा आता फिरते, पण वरून बघितलं तर दातावर दात बसलेला दिसेल. गिअर जॉइंट इथून पुढे कोणी किती फिरायचं एवढंच ठरवतो. सुरुवातीला दात कुठे असावेत हे त्याच्या अखत्यारीत नाही.

फ्रीकॅडचा आराखडा एका दाताची मध्यरेषा एक्स अक्षावर ठेवतो. मधला अक्ष एक्सच्या दिशेला ६० मिमीवर आहे असं धरा. मिनिटाच्या पिनियनचा एक दात मधल्या चाकाकडे तोंड करून उभा. मधल्या चाकाचे दात सम, म्हणून त्याचाही एक दात बरोबर समोरून उलट्या दिशेनं येतो. दात विषम असते तर तिथे आपसूक खाच आली असती. आता कोणीतरी एकानं अर्धा दात बाजूला सरकायला हवं.

सरकवायचं कोणाला, यात थोडी युक्ती आहे. मधल्या भागावर दोन चाकं आहेत. तो ९० च्या सोयीनं फिरवला तर २४ बिघडतो. म्हणून मधल्याला हात लावू नका, दोन्ही बाहेरच्यांना फिरवा. ३० दातांचा अर्धा दात म्हणजे ३६० भागिले ३०, भागिले दोन: ६ अंश. ९६ चा १.८७५ अंश.

आणि फिरवायचा तो नुसता दातांचा आराखडा, भागाच्या फाईलमध्ये जाऊन, त्याच्या प्लेसमेंटमधला कोन बदलून. असेंब्लीत अख्खा भाग फिरवलात तर त्याच्या अंगावरचा काटाही फिरेल. मिनिटकाट्याचे ६ अंश म्हणजे बरोबर एक मिनिट, आणि तासकाट्याचे १.८७५ अंश म्हणजे पावणेचार मिनिटं. दात जुळले आणि बारा वाजता दोन्ही काटे एकमेकांवर आले नाहीत, असं घड्याळ कोणाला हवंय?

एवढं करूनही जुळणी थोडी हललेली दिसली तर गिअर जॉइंट तात्पुरता निष्क्रिय करा, चाक हातानं जागेवर आणा, जॉइंट पुन्हा चालू करा. दोन्ही काटे बारावर असताना हे करणं सोपं जातं.

तपासणी आणि नेहमीची दुखणी

मधल्या चाकाच्या एका दाताला वेगळा रंग द्या. मिनिटकाटा बारावरून तीन फेऱ्या फिरवा, रंगीत दात जिथून निघाला तिथे परत यायला हवा. मग पूर्ण बारा फेऱ्या फिरवा. कंटाळवाणं आहे, पण तासकाटा पुन्हा नेमका बारावर आला की शंका उरत नाही.

तासकाटा उलटा फिरतोय? एखाद्या जॉइंटचा झेड अक्ष खालच्या दिशेला वळलेला असणार, बहुधा कड निवडताना चाकाची वरची कड निवडली गेली. गिअर जॉइंटच्या खिडकीत फिरण्याची दिशा उलटवायची खूण आहे, तिनं काम भागतं. पण आधी कुठला अक्ष उलटा आहे ते शोधा. एक चूक दुसऱ्या चुकीनं झाकली की पुढच्या महिन्यात तुम्हालाच तुमची फाईल कळत नाही.

काहीच हलत नाही? असेंब्ली सक्रिय आहे ना बघा, झाडात, म्हणजे बाजूच्या भागांच्या यादीत, तिच्यावर डबल क्लिक करा. तरी अडलं तर शेवटचा जॉइंट निष्क्रिय करा, मग त्याआधीचा, असं मागे जा. ज्याला बंद केल्यावर यंत्र सुटतं, तो गुन्हेगार.

चाक फिरतंय, पण अक्षावर वरखालीही सरकतंय? रिव्हॉल्यूटऐवजी सिलिंड्रिकल जॉइंट पडला आहे. सॉलिडवर्क्सवाल्यांना हे दुखणं जास्त होतं, कारण तिथे फक्त कॉन्सेंट्रिक मेट (अक्ष जुळवणारा; जॉइंटला तिथे मेट म्हणतात) दिला की चारच मोकळिका जातात. पाचवीसाठी दोन पृष्ठभागांत त्यांना एकमेकांवर टेकवणारा कोइन्सिडंट मेट लागतो, किंवा दोन्ही एकत्र देणारा हिंज मेट.

कंपनीत किंवा कॉलेजात दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी विचार हाच, फक्त नावं वेगळी. सॉलिडवर्क्समध्ये मेकॅनिकल मेटमधला गिअर मेट, ऑनशेपमध्ये गिअर रिलेशन, फ्यूजनमध्ये दोन रिव्हॉल्यूट जॉइंटना जोडणारं मोशन लिंक. सगळीकडे आधी अक्ष, मग गुणोत्तर, दात सर्वांत शेवटी.

रॅक (सरळ दातेरी पट्टी) आणि पिनियन करायला घ्याल तेव्हा मात्र दातांची संख्या भरण्याची माझी युक्ती विसरा. तिथे एक भाग फिरतो आणि दुसरा मिलिमीटरमध्ये सरकतो, त्यामुळे खरी पिच त्रिज्याच लागते. १५ मिमी त्रिज्येचा पिनियन एका फेरीत रॅकला ९४.२५ मिमी पुढे नेतो. त्रिज्येच्या जागी ३० भरलेत तर रॅक दुप्पट पळेल.

छापायचं असेल तर

पडद्यावर ६० मिमीला दात एकमेकांना अचूक टेकतात, मधे प्ले (मोकळी फट) शून्य. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली अशी चाकं जाम होतात. पायाच्या भोकांमधलं अंतर ६०.२ करून बघा, माझ्या साध्या प्रिंटरवर तेवढं पुरतं. तुमचा वेगळा असेल, म्हणून आधी ३० आणि ९० ची एकच जोडी छापा. इनव्हॉल्यूट दातांची मोठी सोय अशी की मध्यांतर थोडं वाढलं तरी गुणोत्तर बदलत नाही. तेव्हा पायातलं माप बदला, गिअर जॉइंटमधल्या आकड्यांना हात लावू नका.